यादीतील शेवटचे नाव : ज्येष्ठ खेळाडू, निवड समिती आणि १९७१ चा कॅरिबियन दौरा

आजचा धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचा. प्रश्न साधा आहे. दहा वर्षे देशासाठी खेळलेल्या माणसाने संघातील आपली जागा दर वेळी नव्याने का मिळवावी? आणि ती मिळाली की नाही, हे ठरवायचे कोणी? भारतीय क्रिकेटमध्ये हा वाद किमान सत्तर वर्षे जुना आहे. त्यातील दोन प्रसंग मला सर्वांत बोलके वाटतात. एक १९५२ चा आणि दुसरा १९७१ चा.

आधी १९५२.

त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. विनू मांकड यांनी त्या सामन्यात एका डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद केले होते. डावखुरी संथ फिरकी, सलामीची फलंदाजी आणि न थकणारी देहयष्टी, हे सगळे एकाच माणसात होते. वय पस्तिशीला आलेले. उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. त्याच काळात लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन या क्लबाने मांकड यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावले.

इथे तेव्हाचे अर्थकारण समजून घ्यायला हवे. भारतीय क्रिकेटपटूला मंडळाकडून वार्षिक करार वगैरे काही मिळत नसे. दौऱ्यावर जे मिळे त्यात संसार चालत नसे. कोणाला संस्थानिकाचा आश्रय, कोणाला बँकेत किंवा कंपनीत नोकरी. लँकेशायर लीगचा हंगाम म्हणजे खेळातून सरळ, चोख कमाई. मांकड यांनी निवड समितीकडे एवढेच मागितले, की दौऱ्याच्या संघात माझी निवड होणार असेल तर तसे आत्ताच सांगा, मी लीगला नकार कळवतो.

समितीचे अध्यक्ष होते कर्नल सी. के. नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्यांनी आश्वासन द्यायला नकार दिला. निवड होण्याआधी कोणालाही जागेची हमी नाही.

तत्त्व म्हणून पाहिले तर नायडूंचे चुकले असे म्हणता येत नाही. पण मद्रासच्या विजयाला काही महिनेही झाले नव्हते, आणि तो विजय ज्याच्या बोटांनी मिळवून दिला त्यालाच हे उत्तर मिळत होते. मांकड हॅसलिंग्डनला गेले. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालचा संघ त्यांच्याविना इंग्लंडला पोचला आणि लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावाच्या आरंभी धावफलकावर शून्यावर चार बाद असे आकडे लागले. फ्रेड ट्रुमनची ती पहिलीच कसोटी. मग धावपळ सुरू झाली. क्लबाशी बोलणी झाली, मांकड यांना उरलेल्या कसोटींसाठी मोकळे करण्यात आले आणि ते लॉर्ड्सवर उतरले.

पहिल्या डावात ७२. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात ७३ षटके गोलंदाजी, १९६ धावांत ५ बळी. एवढे झाल्यावर पुन्हा सलामीला येऊन १८४. तोपर्यंत कोणाही भारतीयाने कसोटीत एवढी धावसंख्या केली नव्हती. भारत तो सामना आठ गडी राखून हरलाच, पण ती कसोटी आजही मांकड यांच्या नावाने ओळखली जाते.

ही गोष्ट सहसा ‘निवड समितीला चपराक’ अशा थाटात सांगितली जाते. मला ती तितकी सरळ वाटत नाही. नायडूंनी हमी नाकारली नसती तरी मांकड लॉर्ड्सवर असेच खेळले असते, आणि लीड्सलाही असते. नियम बरोबर होता. तो लावण्याची वेळ आणि माणूस चुकला. चार वर्षांनी, १९५६ च्या जानेवारीत, अडतिसाव्या वर्षी याच मांकड यांनी मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा केल्या आणि पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली, हेही लक्षात ठेवावे.

आता १९७१ कडे येऊ. या कथेचा नायक मडगावचा आहे.

दिलीप नारायण सरदेसाई यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० चा, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातला. तरुणपणी ते मुंबईत आले, विल्सन कॉलेजातून खेळू लागले आणि आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत चमकले. डिसेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. तारखा नीट पाहा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे हा माणूस भारतासाठी पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा त्याचे जन्मगाव अजून भारतात नव्हते! पुढे गोव्यात जन्मलेला कसोटीपटू म्हणून त्यांचेच नाव घेतले जाऊ लागले. पदार्पणात ते २८ धावांवर स्वतःच यष्ट्यांना धक्का लावून बाद झाले.

पुढची काही वर्षे भरभराटीची होती. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत ४४९ धावा. मार्च १९६५ मध्ये ब्रेबोर्नवर न्यूझीलंडसमोर भारत ८८ धावांत गुंडाळला गेला, फॉलोऑन मिळाला, आणि सरदेसाई यांनी नाबाद २०० करून सामना असा फिरवला की शेवटी न्यूझीलंडनेच ८ बाद ८० वर कसाबसा जीव वाचवला. पुढच्याच दिल्ली कसोटीत पुन्हा शतक.

मग उतरण लागली. १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यात दुखापत झाली, त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात धावा आटल्या. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांना पुन्हा घेतले. दोन्ही डावांत अपयश. त्याच सामन्यानंतर पुण्याचे चंदू बोर्डे यांचीही ५५ कसोटींची कारकीर्द संपली. पुढच्या, कानपूरच्या कसोटीत गुंडप्पा विश्वनाथ नावाचा वीस वर्षांचा मुलगा आला. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १३७. ज्येष्ठांचा काळ संपला, असे म्हणायला निवड समितीला याहून उत्तम पुरावा कोणता हवा होता?

समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट आणि तरुणांना संधी देण्याचे त्यांचे धोरण जगजाहीर होते. एकनाथ सोलकर, अशोक मांकड, मोहिंदर अमरनाथ, चेतन चौहान ही मंडळी त्या १९६९ च्या हंगामातच आली. यातला अशोक हा विनूंचाच मुलगा. हमी नाकारल्या गेलेल्या बापाचा मुलगा नव्या धोरणाचा लाभार्थी ठरला, ही योगायोगाची गंमत. त्याहून मोठी गंमत स्वतः मर्चंट यांची आहे. प्रकृतीच्या कारणाने काही वर्षे कसोटीपासून दूर राहिल्यानंतर नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला ते परतले आणि चाळिसाव्या वर्षी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून गेले. क्षेत्ररक्षणात खांदा दुखावला आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. वय म्हणजे अडसर नव्हे, याचा भारतीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा दाखला तेच होते.

८ जानेवारी १९७१. वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. मते समसमान पडली आणि मर्चंट यांनी आपले निर्णायक मत पतौडींच्या विरोधात, अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले. नव्या कर्णधाराने संघ ठरवताना तीन जुन्या खेळाडूंची नावे पुढे नेली : सरदेसाई, हैदराबादचे एम. एल. जयसिंह आणि सलीम दुराणी. सरदेसाई तेव्हा तीस वर्षांचे. आज तीस म्हणजे ऐन उमेद. तेव्हा मात्र दोन-तीन अपयशी मालिका आणि तिशी एवढ्यावर माणूस ‘जुना’ ठरत असे. त्यांचे नाव यादीत अगदी शेवटी, वाडेकरांच्या आग्रहामुळे आले.

वाडेकरांना त्यांच्यात काय दिसले असेल? दोघे मुंबईकडून वर्षानुवर्षे एकत्र खेळत होते. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. या संघात जागा टिकवणे हीच एक परीक्षा होती. कसोटी खेळून आलेल्या माणसालाही पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या, उघड्या खेळपट्टीवर एखाद्या अनामिक गोलंदाजासमोर उभे राहावे लागे, आणि तिथे भोपळा मिळाला तर दुसऱ्या दिवशी सारे शिवाजी पार्क त्यावर बोलत असे. सुमार गोलंदाजीला ‘पोपटवाडी’ म्हणण्याची खास पद्धत सरदेसाईंनीच रूढ केली असे सांगतात. हा माणूस बिनधास्त होता, फिरकीसमोर त्याचे पाय झरझर हलत, आणि गडी पडत असताना त्याचा चेहरा बदलत नसे. धावांच्या तक्त्यात हे दिसत नाही. दहा वर्षे पलीकडच्या टोकाला उभ्या राहिलेल्या सोबत्याला दिसते.

किंग्स्टन, सबिना पार्क, फेब्रुवारी १९७१. पहिला दिवस पावसात गेला. सुनील गावसकर बोटाच्या संसर्गामुळे आणि विश्वनाथ गुडघ्यामुळे बाहेर. भारताची फलंदाजी सुरू झाली आणि बघता बघता ५ बाद ७५. सरदेसाई एका टोकाला. दुसऱ्या टोकाला सोलकर, हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा मुलगा. वय बावीस. या दोघांनी १३७ धावांची भागी केली. पुढे नवव्या गड्यासाठी एरापल्ली प्रसन्ना २५ धावा करून थांबले आणि सरदेसाईंबरोबर १२२ जोडल्या. सरदेसाई २१२. परदेशातील कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले द्विशतक. भारत ३८७.

त्यानंतर जे घडले ते धावांपेक्षाही महत्त्वाचे. वेस्ट इंडीज २१७ वर सर्वबाद झाला, म्हणजे भारताला १७० ची आघाडी. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्याने हा सामना चार दिवसांचा धरला गेला होता आणि १५० पुरेशी होती. वाडेकर गॅरी सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि पुन्हा फलंदाजीला या, असे सांगून आले. रोहन कन्हाय यांच्या नाबाद १५८ मुळे सामना अनिर्णित राहिला खरा. पण ज्या संघाला भारताने कधीच हरवले नव्हते, त्याला फॉलोऑन देण्याची वेळ आली होती, आणि ती आणणारा माणूस यादीतील शेवटचा होता.

इथे जरा थांबून त्याच सामन्यातील आणखी एक नाव सांगतो. केनिया जयंतीलाल, हैदराबादचे सलामीचे फलंदाज. गावसकर बाहेर असल्याने त्यांना संधी मिळाली. पाच धावा, झेल सोबर्स. वेस्ट इंडीजला फॉलोऑन मिळाल्याने भारताचा दुसरा डाव झालाच नाही. पुढच्या सामन्याला गावसकर बरे झाले आणि जयंतीलाल पुन्हा कधीही कसोटी खेळले नाहीत. ज्येष्ठाला जागा मिळवण्यासाठी झगडावे लागते हे आपण हळहळून सांगतो. नवख्याला तर काही वेळा झगडायला दुसरा डावही मिळत नाही.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. जॅक नोरेगा या ऑफस्पिनरने ९५ धावांत ९ गडी बाद केले. वेस्ट इंडीजकडून कसोटीच्या एका डावातील ही आजही सर्वोत्तम कामगिरी आहे. मजा अशी, की नोरेगाही चौतीस वर्षांचे होते, त्याच मालिकेत पदार्पण केलेले, आणि चार कसोटींपलीकडे त्यांची कारकीर्द गेली नाही. त्या नऊ बळींच्या डावात सरदेसाईंनी ११२ केल्या. भारत ३५२. दुसऱ्या डावात दुराणींनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स यांना लागोपाठ माघारी पाठवले. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत. भारत सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय.

ब्रिजटाउनची चौथी कसोटी मात्र माझ्या मते सरदेसाईंची खरी. वेस्ट इंडीज ५ बाद ५०१ वर डाव घोषित. भारत ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई, पुन्हा सोलकर. सातव्या गड्यासाठी १८६. नऊ बाद २८५ झाले तेव्हा फॉलोऑन टाळण्यासाठी आणखी १७ धावा हव्या होत्या आणि सोबतीला होते बिशनसिंग बेदी. दोघांनी अखेरच्या गड्यासाठी ६२ जोडल्या. सरदेसाई १५०. मालिका वाचली. शेवटच्या कसोटीत गावसकरांनी १२४ आणि २२० करून जग जिंकले आणि मालिका १-० अशी भारताकडे आली. गावसकर ७७४ धावा, सरदेसाई ६४२. इतिहासाच्या पुस्तकात पहिला आकडा ठळक छापला जातो. दुसरा आकडा मात्र बहुतेक वेळा पाच-सहा गडी पडल्यानंतर उभा राहिलेला आहे.

त्यानंतर मर्चंट यांनी सरदेसाईंना भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले. ज्यांच्या धोरणात ते बसत नव्हते, त्यांनीच. याला मी मर्चंट यांचा मोठेपणा मानतो. आपला अंदाज चुकला हे उघडपणे कबूल करणारे निवडकर्ते आपल्याकडे फार झाले नाहीत.

मात्र तीन ज्येष्ठांपैकी तिघांनाही यश आले, असे समजू नका. जयसिंह तीन कसोटी खेळले, धावा झाल्या नाहीत, आणि तो दौरा त्यांचा शेवटचा ठरला. तीनच वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला विमानातून उतरून थेट सामन्यात ७४ आणि १०१ करणारा हाच फलंदाज. दुराणींना पुढच्या इंग्लंड दौऱ्यातून वगळले. १९७२-७३ मध्ये ते परतले, पुन्हा वगळले गेले आणि प्रेक्षकांनी दुराणी नाही तर कसोटी नाही असे फलक लावले. लोकांच्या मनातील जागा आणि संघातील जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुराणींइतके कोणी अनुभवले नसेल.

आणि सरदेसाई? त्याच उन्हाळ्यात ओव्हलवर ५४ आणि ४०. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी आणि मालिका जिंकली, त्यात हे दोन डाव बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत, कारण चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी सगळे आकाश व्यापून टाकतात. डिसेंबर १९७२ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध एक कसोटी. दोन्ही डावांत धावा झाल्या नाहीत. त्यांना वगळण्यात आले. ६४२ धावांची पुण्याई दोन वर्षेही पुरली नाही. त्या हंगामानंतर बत्तिसाव्या वर्षी त्यांनी खेळ थांबवला. ३० कसोटी, २००१ धावा. मुंबईकडून खेळलेल्या तेरा रणजी हंगामांत ते एकदाही पराभूत संघात नव्हते. २ जुलै २००७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गंमत पाहा, त्याच १९७२-७३ च्या मालिकेत, ज्यांना पदच्युत करून वाडेकर कर्णधार झाले होते, ते पतौडी वाडेकरांच्याच हाताखाली साधे फलंदाज म्हणून परतले आणि मद्रासला ७३ करून गेले. कर्णधारपद गेले तरी जागा कमावता येते, हे त्यांनी दाखवले.

उरली वाडेकरांची गोष्ट. वेस्ट इंडीजमध्ये विजय, इंग्लंडमध्ये विजय, मायदेशी इंग्लंडवर विजय. ओळीने तीन मालिका. १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ०-३. लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत सर्वबाद. इंदूरमध्ये त्या विजयांचे स्मारक म्हणून उभारलेल्या काँक्रीटच्या बॅटला लोकांनी काळे फासले. परत आल्यावर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाचा संघ जाहीर झाला आणि त्यात भारताच्या कर्णधाराचे नाव नव्हते. कर्णधारपद नव्हे, साधी जागाही नव्हती. वय तेहेतीस. वाडेकरांनी निवृत्ती जाहीर केली आणि ते आपल्या स्टेट बँकेतील नोकरीकडे वळले.

१९९० च्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि त्यानंतर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष. एकेकाळी नायडू आणि मर्चंट ज्या खुर्चीत बसले होते, तिच्यात बसून दुसऱ्यांच्या जागा ठरवण्याची पाळी आता त्यांची होती.